गोधडी शिकायला वर्कशॉपला जाताय? आधी घरची तयारी करा, मग सुई हातात घ्या

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दोन-दोन तास आम्ही गोधडी शिकवायला बसतो, चार रविवारांचं वर्कशॉप असतं, आणि दर बॅचला निम्म्या जणींची गोधडी चौथ्या रविवारी अर्धवट पिशवीत जाते आणि तिथून कपाटात. त्यांना टाका घालता येत नाही असं अजिबात नसतं. टाका पहिल्या अर्ध्या तासात येतो हो. चुकतं ते टाक्याच्या आधी, कापड न धुता आणलेलं असतं, साडीचा फॉल तसाच असतो, थर नीट न पसरता शिवायला सुरुवात होते, आणि मग तिसऱ्या रविवारी मधोमध फुगा येतो की सगळं उसवायची वेळ येते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. क्रम मोडू नका, तेवढं एकच मागणं आहे.

१. वर्कशॉप ठरवताना

पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. एका शिकवणाऱ्या बाईंमागे किती जणी? दहा-बारापर्यंत ठीक, पंचवीस असतील तर तुमचा टाका कोणी उलटून बघणार नाही. खाली पसरायला जागा आहे का? खुर्च्या-टेबलांच्या हॉलमध्ये गोधडीचे थर लागत नाहीत, मोकळी फरशी पाहिजे. आणि किती बैठका आहेत? एकाच दिवसात "गोधडी, क्रोशा आणि विणकाम" असं असेल तर ओळख म्हणून जा, शिकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. विणकाम शिकायचं असेल तर ते वेगळं शिका, दोन्ही एकदम सुरू केलं की दोन्ही अर्धवट राहतात, हे मी खूप जणींचं बघितलंय.

जवळपास महिला मंडळ किंवा बचत गट असेल तर तिथे आधी चौकशी करा. तिथल्या एखाद्या आजींच्या हाताला जे माहीत असतं ते व्हिडिओत दिसत नाही, विशेषतः दोरा किती ओढायचा ते.

२. माप: पहिल्यांदा दुपटंच

सगळ्यांना पहिल्याच फटक्यात डबल बेडची गोधडी हवी असते. हिशोब करून बघा. बाळाचं दुपटं ३६ बाय ३६ इंच धरलं आणि ओळींमध्ये पाऊण इंच अंतर ठेवलं तर साधारण ४४ ओळी होतात, एकेक ओळ ३२ इंचांची (कडेपासून दोन-दोन इंच सोडून), म्हणजे जवळपास ३६ मीटर धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका. कडा वेगळी. नवीन हाताला एका ओळीला दहा मिनिटं लागतात, म्हणजे सात तासांवर नुसत्या ओळीच. आता सिंगल गोधडी ६० बाय ८४ इंच, तशाच ओळी घातल्या तर जवळपास १५५ मीटर. चार रविवारांचे आठ तास होतात, त्यात काय बसेल ते तुम्हीच बघा.

दुपट्यात सगळं शिकून होतं, थर, कच्चा टाका (थर धरून ठेवणारा, शेवटी काढून टाकायचा मोठा टाका), धावदोरा, कोपरे, कडा. एकही पायरी सुटत नाही. आणि संपतं!

मापं लिहून घ्या:
- वरचा आणि खालचा थर: ३८ बाय ३८ इंच (चारी बाजूंनी एकेक इंच आत दुमडायला)
- आतले दोन थर: ३६ बाय ३६ इंच

एकूण चार थर. पहिल्यांदा पाचवा घालू नका, सुई आरपार जाताना बोटं दुखतात आणि टाके मोठे व्हायला लागतात.

३. कापड: काय चालतं, काय नाही

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४४-४५ इंच रुंद असते. वरच्या मापाला लांबीतून ३८ + ३८ + ३६ + ३६ म्हणजे १४८ इंच लागतात, पावणेचार मीटरच्या आसपास. म्हणजे एका जुन्या सुती साडीत अख्खं दुपटं होतं आणि वर पावणेदोन मीटर उरतं, ते विरलेला भाग टाळायला कामी येतं. वरच्या थराला वेगवेगळ्या कापडांची ठिगळं जोडायची असतील तर ती मशीनवर घरीच जोडून ३८ चा चौकोन तयार करून न्या, हॉलमध्ये ठिगळं जोडत बसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुती आणि पॉलिस्टर एकत्र. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर आटत नाही, मग दोन-तीन धुण्यांनंतर एक थर ताठ आणि दुसरा ढिला, मधे चुण्या. शिवाय पॉलिस्टरला घाम शोषता येत नाही, बाळाखाली ते नकोच. "आईची साडी आहे, सुतीच असणार" असं गृहीत धरू नका, कितीतरी रोजच्या वापराच्या साड्या मिक्स असतात.

*तपासा, सुती आहे का:* काठाजवळून चार-पाच धागे ओढून काढा, चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. धागेच जाळा, कापडाचं टोक नाही, आणि पोरं जवळ नसताना.

*तपासा, दम आहे का:* कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून बाजूला ताणा. काही झालं नाही तर वर-खाली कुठेही वापरा. धागे सरकले, विरळ दिसलं तर ते आतल्या थराला. लगेच टरकलं तर पुसायला ठेवा, गोधडीत आतही घालू नका, आत फाटलं की गोळे होतात आणि ते मग काढता येत नाहीत.

जरीचा काठ, टिकल्या, खडे, आरसे, सगळं कापून बाजूला काढा. टोचतं, आणि बाळाच्या तोंडात जाऊ शकतं.

४. उसवा, धुवा, मग फाडा. याच क्रमाने.

हे सगळं पहिल्या रविवारच्या आधी घरी व्हायला हवं. वर्कशॉपमधले सगळ्यात जास्त तास याच्यामुळे जातात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फॉल उसवा. फॉल तसाच ठेवून कापड फाडलं तर त्या बाजूला दोन थरांची जाडी येते, आणि फॉल वेगळ्या कापडाचा असेल तर तो वेगळा आटतो. पिकोची कडा पण कापून टाका, ती आत राहिली तर कडेला कडक दोरीसारखी लागते.

मग धुवा. जुनी साडी असली तरी धुवा, कारण खळ असते. खळीचं कापड ताठ राहतं, नीट पसरलंय असं वाटतं आणि गोधडी पहिल्यांदा धुतली की ते मऊ पडून ढिलं होतं. खळीला झुरळं-कसर लागते ते वेगळंच. कोमट पाण्यात तासभर भिजवा, साधी पावडर, दोन पाणी खळबळून. नवीन कापड वापरणार असाल तर हे दोनदा करा, नवीन सुती पहिल्या धुण्यालाच आटतं आणि ते आटणं शिवायच्या आधी झालेलं बरं.

रंग जाण्याबद्दल: लाल, मरून, काळा, गडद निळा यांची परीक्षा घ्याच. ओल्या कापडावर पांढरं सुती फडकं ठेवून हाताने दाबा किंवा गरम इस्त्री फिरवा, पांढऱ्यावर रंग आला तर पुन्हा धुवा, तिसऱ्यांदाही आला तर ते कापड या दुपट्यात नको. मिठाच्या पाण्यात टाकलं की रंग पक्का होतो असं जवळजवळ प्रत्येक जण सांगते. त्यावर विसंबू नका, मीठ घातलेल्या कापडाचीही हीच परीक्षा घ्या. एका लाल ठिगळाने अख्खं पांढरं अस्तर गुलाबी झालेलं मी बघितलंय आणि त्या मुलीचं रडवेलं तोंड अजून डोळ्यासमोर आहे.

वाळल्यावर इस्त्री, मग माप. कापायच्या ऐवजी फाडा: मापावर कात्रीने अर्धा इंच छेद द्या आणि दोन्ही हातांनी झटक्यात फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीने आपली रेष वाकडी जातेच. फाडताना भलतीकडेच गेलं तर समजा की तो भाग विरलाय.

सावधान: धुण्याच्या आधी मापाने फाडू नका. आटल्यावर ३८ चं ३७ होतं आणि मग दुमडायला कापड पुरत नाही.

५. सुई, दोरा आणि बाकी सामान

मशीनचं रीळ आणू नका. तो दोरा बारीक असतो, हाताच्या टाक्यात वापराने तुटतो आणि पातळ जुन्या कापडाला कापतो सुद्धा. गोधडीचा जाड सुती दोरा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या घ्या, एका लडीत ८ मीटर आणि सहा पदर असतात, तीन-तीन पदर वेगळे केले की एका लडीतून १६ मीटर दोरा होतो. आपल्या दुपट्याला कडेसकट सत्तावन-साठ मीटर लागतो, म्हणजे चार लड्या, पण पाच घ्या, एकाच वेळी, एकाच नंबरच्या. नंतर आणलेल्या लडीचा रंग किंचित वेगळा निघाला की ती ओळ कायम दिसत राहते.

सुई मोठ्या नेढ्याची पण टोकदार. हाताच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक हे लक्षात ठेवा, खूप जणी उलटं समजून १० नंबर आणतात आणि त्यात तीन पदर ओवता ओवत नाहीत. दाभण आणू नका, ते पोत्याला. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) घ्या, पहिल्या दिवशी अडचण वाटते, दुसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय बसवत नाही.

बाकी धारदार कात्री, टेप, खडू, टाचण्या, कच्च्या टाक्याला कुठलाही वेगळ्या रंगाचा स्वस्त दोरा, आणि चष्मा असेल तर चष्मा.

*तपासा:* सुया मोजून आणा. तीन आणल्या तर उठताना तीन मोजा, एका फडक्यात टोचून ठेवायची सवय लावा. एखादी सापडत नसेल तर थर चाचपल्याशिवाय घरी जायचं नाही. बाळाचं अंथरूण आहे हे.

६. थर लावणं (पहिला रविवार)

खरं सांगायचं तर वर्कशॉपला यायचं मोठं कारण हे आहे. एकटीने थर पसरता येतात पण एक कोपरा नीट केला की दुसरा सरकतो, चौघी चार कोपऱ्यांना बसल्या की दहा मिनिटांत होतं. पूर्वी वाड्यात, अंगणात शेजारणी मिळून बसायच्या त्यात ही सोय होतीच.

सतरंजीवर नाही, स्वच्छ पुसलेल्या फरशीवर पसरा, सतरंजीवर कापड अडकतं आणि ताणलं जातं. खालचा थर उलटा (वापरायची बाजू फरशीकडे), कोपऱ्यांना चिकटपट्टी लावा किंवा वजन ठेवा. त्यावर मधोमध आतला पहिला थर, चारी बाजूंनी एकेक इंच खालचं कापड दिसलं पाहिजे. मग आतला दुसरा. मग वरचा, सुलटा. प्रत्येक थर टाकल्यावर तळहाताने मधून बाहेर सुरकुत्या काढा. ओढू नका, फक्त हात फिरवा. ओढून ताणलेलं कापड शिवून झाल्यावर परत आखडतं.

ठिगळांचे किंवा जोडाचे शिवण एकावर एक येत असतील तर आतला थर फिरवून घ्या, नाहीतर त्या जागी सुई जाणार नाही.

*तपासा:* डोळे मिटून पूर्ण दुपट्यावर हात फिरवा. डोळ्याला न दिसलेली घडी हाताला लागते. लागली तर वरचा थर उचला आणि नीट करा. आत्ताच करा.

७. कच्चा टाका. ही पायरी कोणीही सोडायची नाही.

"टाचण्या लावल्यात की, कच्चा टाका कशाला?" हा प्रश्न दर वेळी येतो. टाचण्या मांडीवर घेतल्या की निघतात, टोचतात, आणि दोन टाचण्यांच्या मधलं कापड सरकायचं ते सरकतंच. टाचण्या फक्त तात्पुरत्या, कच्चा टाका घालून होईपर्यंत.

मधून सुरू करा. मध्यबिंदूपासून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा आधी चार ओळी घाला म्हणजे अधिक चिन्ह होईल, मग चार बोटांच्या अंतरावर आडव्या-उभ्या ओळी. टाका दोन इंचांचा चालतो, दिसायला कसाही. दोरा ओढून घट्ट करू नका. हे करताना दुपटं फरशीवरच राहू द्या, मांडीवर घेऊ नका, सुई फरशीला घासून वर येते तो आवाज आला म्हणजे चारही थर धरलेत.

पूर्ण पहिला रविवार यात गेला तरी जाऊ दे. इथे दिलेला एक तास पुढचे तीन वाचवतो.

८. धावदोरा

गावाकडच्या बऱ्याच आज्या आधी कडा शिवतात आणि चौकोनात चौकोन घालत मधे येतात. सुंदर दिसतं ते. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडीच, पण अशीच कडेकडून आत शिवत जातात. पण त्यांच्या हाताला कापड किती सरकतंय याचा अंदाज असतो, आपल्याला तो नसतो, आणि कडेकडून आत आलं की उरलेलं सगळं कापड मधे गोळा होतं. तोच तो फुगा. म्हणून पहिल्या दुपट्याला मधली ओळ आधी घाला, मग तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक ओळ, असं बाहेर जा. म्हणजे जास्तीचं कापड कडेकडे सरकतं आणि तिथे जिरवता येतं. शिकवणाऱ्या बाई कडेपासूनच शिकवत असतील तर त्यांचं ऐका, वाद नको, फक्त कच्चा टाका दोन बोटांच्या अंतरावर घाला.

प्रत्येक ओळ चारी बाजूंच्या तयार कडेपासून दोन इंच आधी थांबवा, म्हणजे दुमडायचा इंच धरून वरच्या कापडाच्या टोकापासून तीन इंच. कडेपर्यंत नेली तर नंतर दुमडता येणार नाही. खडूने आधी मधोमध ३२ इंचांचा एक चौकोन आखून घ्या, सोपं पडतं.

दोरा हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत, एवढाच. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, पण त्याला पीळ पडतो, गाठी होतात आणि शेवटचा भाग झिजून केसाळ होतो. गाठ मारा, सुई थरांच्या मधून घाला आणि हलका झटका देऊन गाठ आत ओढून घ्या. संपताना दोन उलटे टाके, मग सुई थरांच्या मधून दोन इंच नेऊन बाहेर काढून कापा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली जागाही तेवढीच. सुईवर तीन-चार टाके भरून घ्या आणि मग ओढा, आणि ओढल्यावर ओळीवरून अंगठा फिरवून कापड सपाट करा. चुण्या दिसल्या तर दोरा जास्त ओढलाय. एकदम बारीक टाक्यांच्या मागे लागू नका, एकसारखे असू देत. एकसारखेपणा दहाव्या ओळीनंतर आपोआप येतो, त्यामुळे पहिल्या दोन ओळी उसवून परत घालू नका.

*तपासा:* दर ओळीनंतर उलटून बघा. खालच्या बाजूला टाका दिसत नसेल तिथे सुई शेवटच्या थराला लागलेलीच नाही. दर पाच ओळींनंतर फरशीवर पसरून तळहात फिरवा. फुगा जाणवला तर पुढच्या भागातला कच्चा टाका उसवा, कापड बाहेर सरकवा, परत टाचा.

सावधान: एकाच दुपट्यावर दोघींनी शिवायचं असेल तर अख्खी ओळ एकीने घाला. अर्धी एकीची अर्धी दुसरीची केली की ओढ वेगळी पडते आणि मधोमध वळ उठतो. दोघींच्या ओळी एकाआड एक आल्या तर ते खपून जातं.

आणि रोज घरी तीन ओळी. फक्त रविवारी शिवून कोणाचंच होत नाही. तीन ओळी म्हणजे अर्धा तास, दिवसा, खिडकीपाशी. अडलं की तिथे टाचणी लावून सोडून द्या आणि रविवारी नेमकं तेच दाखवा, शिकवणाऱ्यांचा वेळ त्यासाठी वापरायचा.

९. कडा आणि कोपरे

ओळी संपल्या की पसरून आतले दोन थर बाहेर डोकावत असतील तेवढे कापा. त्यांचे चारही कोपरे तिरके छाटा, नाहीतर कोपऱ्यात लाडू होतो. मग खालच्या थराची कडा आतल्या थरांवर एक इंच दुमडा, वरच्या थराची तशीच आत, दोन्ही दुमडी समोरासमोर आल्या पाहिजेत. कोपरा आधी टाचा, मग मधला भाग, बाजू संपली की पुढची. ओळींमधून सरकलेलं जास्तीचं कापड इथे दुमडीत जिरतं.

अगदी कडेला एक फेरी धावदोरा, मग आत बोटभर अंतरावर दुसरी, मग तिसरी, म्हणजे सोडलेले दोन इंच भरतात. कोपऱ्यावर एक उलटा टाका घेऊन वळा. ही फेरी घाईत होते कारण संपत आलेलं असतं, आणि दुपटं सगळ्यात आधी कडेलाच सुटतं. इथले टाके थोडे जवळ घ्या.

१०. कच्चा टाका काढणं आणि पहिलं धुणं

कच्चा टाका सगळ्यात शेवटी, कडा झाल्यावरच. दर सहा इंचांवर कापून तुकडे ओढा, एका टोकाला धरून अख्खा ओढलात तर धावदोऱ्यात अडकून तोही निघतो.

कोमट पाणी, हाताने, पिळायचं नाही, दाबून पाणी काढा. ओलं दुपटं जड होतं, एका दोरीवर टांगलं तर मधे ओढ बसते, दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. वाळल्यावर टाक्यांच्या मधे कापड जरा फुगून वर येतं, तो छान खरबरीतपणा येतो, तो दोष नाही. तुटलेला टाका दिसला तर तेवढीच जागा दोन्ही बाजूंना इंचभर पुढे नेऊन परत शिवा.

बाळासाठी असेल तर अंगाखाली अंथरा. झोपलेल्या तान्ह्या बाळावर चार थरांचं पांघरूण घालून खोलीबाहेर जाऊ नका.

यानंतर मोठी गोधडी घ्यायची असेल तर साड्या आत्तापासून बाजूला काढायला लागा. ६० बाय ८४ ला साडीचा पन्हा पुरत नाही, ८६ इंचांचे दोन तुकडे शेजारी जोडावे लागतात, म्हणजे एका थराला एक साडी, चार थरांना चार. जोड प्रत्येक थरात वेगळ्या जागी येईल असे लावा, आणि पसरायला चौघींना बोलवा.